ताई, बाहेरची बॅटरी घेऊ का?

तुळशीची लग्नं जवळ आली की मला येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. एरवी लेन्स कुठली घेऊ, एडिटिंगला लॅपटॉप कुठला घेऊ, गिऱ्हाईक पैसे देत नाही तर काय करू, असं सगळं असतं. या वेळी आठातली सहा पत्रं बॅटरीची. उरलेली दोन पुढच्या महिन्यावर ढकलते, त्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, मी विट्याचा. यंदापासून लग्नाची कामं घ्यायला लागलोय. सोनीचा झेडव्ही-ई१० सेकंडहँड घेतला, सोबत एकच बॅटरी मिळाली. कंपनीची दुसरी घ्यायला गेलो आणि किंमत ऐकून परत आलो. दुकानदार म्हणतो, बाहेरची, म्हणजे दुसऱ्या कंपनीची घे, दोन हजार एमएएचची आहे, कंपनीच्या डबल चालते. मित्र म्हणतो, बाहेरची घातलीस तर कॅमेरा जळेल. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. बाहेरची घे, पण ती दोन हजारवाली सोडून. गेली नऊ वर्षं माझ्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या बॅगेत कंपनीची एक आणि बाहेरच्या तीन असाच हिशेब आहे, कारण कंपनीच्या एकीच्या पैशात बाहेरच्या तीन-चार येतात. अजून कॅमेरा जळलेला नाही. बाहेरच्या बॅटऱ्यांनी मला त्रास दिलाय, एकदा चांगलाच दिलाय, तो सांगते. आधी ती दोन हजारवाली का नको ते बघू. त्याला सातवीचं गणित पुरतं.

तुझ्या कॅमेऱ्याला एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी लागते. कंपनीच्या बॅटरीवर तीन आकडे छापलेले असतात : ७.२ व्होल्ट, १०२० एमएएच, ७.३ वॉट-अवर. एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो ते, वॉट-अवर म्हणजे तिच्यातली एकूण ऊर्जा. पहिल्या दोघांचा गुणाकार करून हजाराने भागलास की तिसरा येतो. आत दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि बाहेरचं खोकं काही वाढत नाही, नाहीतर ते कॅमेऱ्यात बसणारच नाही. तेवढ्याच खोक्यात प्रामाणिक माणूस हजार-अकराशे एमएएच बसवतो. तेराशे लिहिलेलं दिसलं की मी चष्मा काढून लेबल डोळ्याजवळ नेते. दोन हजार म्हणजे अर्ध्या लिटरच्या पातेल्यात एक लिटर दूध.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा स्टुडिओत आला. त्याच्या बॅटरीवर छापलं होतं : ७.२ व्होल्ट, १५०० एमएएच, ७.३ वॉट-अवर. कर गुणाकार. १०.८ यायला हवेत. लेबल छापणाऱ्याने कंपनीचा वॉट-अवर होता तसा उतरवला आणि एमएएच तेवढा फुगवला. परीक्षेत शेजाऱ्याचा पेपर नावासकट उतरवणारी पोरं असतात, त्यातलाच प्रकार. आमच्या शेजारी सोनाराचं दुकान आहे. गंमत म्हणून त्याच्या काट्यावर ही, माझी कंपनीची आणि माझी बाहेरची अशा तिन्ही ठेवल्या. जिच्यावर आकडा सगळ्यांत मोठा, ती सगळ्यांत हलकी भरली. सोनार म्हणाला, "ताई, आमच्या धंद्यात असं केलं तर लोक मारतील."

आता माझा त्रास. कोरेगावकडचं लग्न, साताऱ्याहून तासाभरावर. बॅगेत एक बाहेरची बॅटरी होती, बिलाशिवाय आणलेली, चार्जरबरोबर जवळजवळ फुकट मिळाली म्हणून. मंगलाष्टकं संपत आली, भटजींनी 'तदेव लग्नं' सुरू केलं. मी स्क्रीनवर नजर टाकली, ४१ टक्के. म्हटलं, निघतील एवढ्यात हारसुद्धा. अंतरपाट खाली आला आणि स्क्रीन काळी. आधी सूचना नाही, लाल चिन्ह नाही, काही नाही. बॅटरी बदलून कॅमेरा सुरू होईपर्यंत अक्षता उडून गेल्या होत्या. माझा मदतनीस मागच्या बाजूला होता. त्याच्या फोटोत नवरीच्या मामांची पाठ आणि अक्षतांची उघडी मूठ, बस्स. नवरीचे वडील भले, काही बोलले नाहीत. मला मात्र आजही ४१ हा आकडा दिसला की पोटात गोळा येतो.

हे का झालं? टक्के म्हणजे काही पाण्याच्या टाकीची काच नव्हे. बॅटरीत एक छोटी चिप असते, ती हिशेब ठेवून कॅमेऱ्याला सांगते. स्वस्तातल्या चिपचा हिशेब अंदाजपंचे असतो. त्यातून दोन सेलमधला एक दुबळा निघाला तर भार पडल्यावर त्याचा व्होल्टेज धाडकन खाली येतो. दुसरा ठणठणीत असून उपयोग नाही, जोडीने चालायचं असतं ना. कॅमेरा स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणजे 'कॅमेरा जळतो' असं जे तुझा मित्र म्हणतो त्याच्या बरोबर उलट होतं : कॅमेऱ्याला काही होत नाही, तुझं काम जळतं.

म्हणून नवी बॅटरी आणली की ती थेट लग्नात न्यायची नाही. मी असं करते. पूर्ण चार्ज करायची, कॅमेरा टेबलावर ठेवायचा, लेन्सला झाकण, फुल एचडीमध्ये रेकॉर्डिंग चालू, आणि शेजारी पंचवीस रुपयांची वही. किती वाजता सुरू केलं, ७५ टक्के कधी दिसले, ५० कधी, २५ कधी, बंद कधी पडला. तुझ्या कॅमेऱ्याला कंपनी सलग रेकॉर्डिंगला १२५ मिनिटांच्या आसपास सांगते. पण त्या आकड्याच्या मागे लागू नको, तुझी कंपनीची बॅटरी किती चालते ते आधी मोजून घे आणि त्याच्याशी ताड. बाहेरचीने त्याच्या ८०-८५ टक्के वेळ दिला तर मी तिला चांगली म्हणते. वेळेपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे आकडे सावकाश उतरतात का. ५० वरून थेट शून्यावर उडी मारणारी बॅटरी दोन तास चालली तरी मला नको. असं दोनदा करायचं. आणि हे दुकानदार बॅटरी परत घेतो त्या मुदतीतच उरकायचं, नाहीतर वही भरून काय फायदा?

पास झालेल्या बॅटरीवर पांढऱ्या मार्करने नंबर आणि खरेदीचा महिना लिहायचा. ऐनवेळी 'ती गडबड करणारी कुठली गं?' असं विचारायची पाळी येत नाही.

दुकानात बघायच्या गोष्टी म्हणशील तर, लेबलवरचा गुणाकार झालाच. दुसरं म्हणजे बीआयएस, भारतीय मानक ब्युरोची नोंदणी. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. 'आयएस १६०४६' हा मानकाचा क्रमांक आणि 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलवर असायला हवा. मोबाइलवर 'बीआयएस केअर' हे सरकारी ॲप आहे, त्यात तो आर-क्रमांक टाकून बघता येतो. नंबर कुणाचा तरी उचलून छापलेला असेल तर तिथे भलतंच नाव दिसतं. याचं महत्त्व एवढ्यासाठी की बॅटरीत जास्त चार्जिंग आणि शॉर्टसर्किट रोखणारं छोटं सर्किट असतं, पैसे वाचवायला पहिली कात्री त्याच्यावर बसते. खरा धोका कॅमेऱ्याला कमी, चार्जिंगला लावून झोपलेल्या माणसाला जास्त.

आणि एक, हे मी हात जोडून सांगते. 'कंपनीचीच आहे, अर्ध्या किमतीत देतो' असं कुणी म्हणालं तर मागे फिर. बाहेरची कंपनी स्वतःच्या नावाने माल विकते, तिला उद्या परत विकायचा असतो. डुप्लिकेट करणाऱ्याने स्वतःचं नावच लपवलंय, तो कशाला चांगले सेल घालेल? बाजारात डिजिटेक, डीएमके, निवर, स्मॉलरिग अशी नावं दिसतात. मी कुणाची जाहिरात करत नाही, एकाच नावाच्या दोन बॅटऱ्याही माझ्या वहीत वेगळ्या निघाल्यात. पण नाव आहे, पत्ता आहे, वॉरंटी आहे, भांडायला जागा आहे.

तुला तीन पुरतील. लगेच सहा घेऊ नको. बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

प्रश्न : मी नाशिकला हौस म्हणून फोटो काढतो, वय ६८. माझ्या कॅननच्या ५डी मार्क फोरला एक बॅटरी दिवसभर पुरायची. आता ईओएस आर घेतला. बॅटऱ्या त्याच, एलपी-ई६एन, तरी जेवायच्या आत संपतात. बॅटऱ्या गेल्या का?

उत्तर : सर, बॅटऱ्या बहुधा ठीक आहेत. त्याच एलपी-ई६एन बॅटरीवर कॅनन मार्क फोरचे सुमारे ९०० फोटो सांगते आणि ईओएस आरचे ३७०. जुन्या कॅमेऱ्यात तुम्ही आरशातून थेट बाहेर बघत होता, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे तुमच्या या नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, नुसतं बघायचं म्हटलं तरी सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन तिन्ही जागे. तुम्ही पक्षी यायची वाट बघता तेव्हाही तो बॅटरी खातोच.

हे आकडे जपानच्या सीपा या संस्थेच्या पद्धतीने काढलेले असतात : अर्ध्या मिनिटाला एक फोटो, मधूनमधून बंद-चालू. आम्ही लग्नवाले एका दमात दहा काढतो, म्हणून आमचा आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. तुमच्यासारखा निवांत काढणारा मात्र साधारण तिथेच घुटमळतो.

शंका फेडायची असेल तर मेनूत बॅटरी इन्फो उघडा. रिचार्ज परफॉर्मन्ससमोर तीन हिरव्या खुणा असतील तर बॅटरी तरुण आहे, एक लाल असेल तर तिला निरोप द्या. ऑटो पॉवर ऑफ एका मिनिटावर आणा, वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवा. प्रत्येक फोटो काढल्यावर स्क्रीनवर बघायची सवय, माफ करा, आपल्या पिढीला नव्हती, ती लावून घेऊ नका.

नवीन घ्यायचीच असेल तर एलपी-ई६एनएच तुमच्या कॅमेऱ्यात बसते, २१३० एमएएचची. विट्याच्या मुलानेही हे वाचावं : २००८ च्या ५डी मार्क टूबरोबर आलेली एलपी-ई६ होती १८०० ची. मग १८६५, मग २०२० मध्ये २१३०. खोकं तेच. एवढ्या मोठ्या कंपनीला बारा वर्षांत तीनशे तीस वाढवता आले, आणि गल्लीतला लेबलवाला एका रात्रीत दुप्पट करतो.

प्रश्न : कॅनन आर५० साठी बाहेरची बॅटरी मागवली. कॅमेऱ्यात चालते, पण कंपनीच्या चार्जरवर लावली की चार्जच होत नाही, दिवा नुसता लुकलुकतो. परत करू? — बारामतीची एक वाचक

उत्तर : थांब, लगेच परत करू नकोस. एलपी-ई१७ या बॅटरीची ही जुनी खोड आहे. आतली चिप ओळखली नाही की कॅननचा चार्जर चार्ज करत नाही, आणि कॅमेरा कधी कधी टक्केही दाखवत नाही. म्हणून या बॅटऱ्या बऱ्याचदा दोन खणांच्या यूएसबी चार्जरसकट विकतात. तुझ्या डब्यात तो असेल तर त्यावर लाव. नसेल, आणि जाहिरातीत 'कंपनीच्या चार्जरवर चालते' असं लिहिलं असेल, तर मात्र खुशाल परत कर.

टक्के दिसत नसतील तर मी ती बॅटरी घरगुती कामाला ठेवीन, पैसे घेतलेल्या कामाला नाही.

जाता जाता : कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कामाच्या आदल्या रात्री अपडेट करायचं नाही. २००९ मध्ये पॅनासॉनिकने काही ल्युमिक्स कॅमेऱ्यांना असं फर्मवेअर दिलं की त्यानंतर ते बाहेरची बॅटरी घेईनातच. कंपनीने कारण सुरक्षेचं दिलं होतं. तेव्हापासून अपडेट केलं की पहिलं काम, सगळ्या बॅटऱ्या एकेक करून घालून बघणं.

प्रश्न : आमच्या देवळात सप्त्याला अडीच-अडीच तासांची कीर्तनं होतात. सोनी ए६४०० वर रेकॉर्ड करतो. मध्ये बॅटरी बदलताना नेमका अभंग तुटतो. मोठी बॅटरी मिळते का? — देवगड

उत्तर : मोठी नाही, डमी. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा, त्यातून बाहेर येणारी वायर. बॅटरीच्या दाराला वायरीपुरती छोटी खिडकी असते, ती उघडून दार नीट लावता येतं. एफडब्ल्यू५० च्या आकाराची डमी बाहेरच्या कंपन्यांचीही मिळते. थेट भिंतीतल्या बोर्डाला लावणारी घेऊ नका. सप्त्यात लाइट गेली नाही असं कधी झालंय का? लाइट गेली की कॅमेरा बंद आणि चालू फाइलचं काय होईल ते पांडुरंगाला ठाऊक. पॉवर बँकेला जोडणारी घ्या. आणि वायर स्टँडला दोरीने बांधा, प्रसादाच्या रांगेत कुणाचा तरी पाय अडकतोच.

प्रश्न : ताई, बॅटरी कॅमेऱ्यात फुगून अडकली आहे. वर्षभरापूर्वी घेतलेली बाहेरची. दार उघडतं पण बॅटरी बाहेर येत नाही. स्क्रू ड्रायव्हरने काढू का?

उत्तर : नाही! बाई गं, अजिबात नाही. आत दाबलेलं लिथियम आहे, टोक लागून आवरण फाटलं तर कॅमेरा आणि बोटं दोन्ही जातील. चार्जिंगला लावली असेल तर आधी काढ. कार्ड काढून घे, लेन्स काढून बॉडीवर टोपी लाव.

मी एकदा काढली ती अशी : बॅटरीचं दार खाली येईल असा कॅमेरा धरून बॅटरीची छोटी कडी अंगठ्याने बाजूला दाबून ठेवली आणि तळहातावर हलकेच आपटला, उशी थोपटतो तेवढ्याच जोराने. किंचित खाली सरकली. मग दिसणाऱ्या भागावर कापडी चिकटपट्टीचा तुकडा घट्ट दाबला, उरलेल्या पट्टीचं शेपूट केलं आणि सरळ रेषेत, न हिसकता ओढलं. दहा मिनिटं लागली. निघाली तेव्हा तिचं पोट भिजलेल्या पापडासारखं वर आलं होतं. एवढ्याने हलली नाही तर दुरुस्तीवाल्याकडे जा. तो खालची प्लेट उघडतो. हेअर ड्रायर, तेल, फ्रीज, इंटरनेटवरचं काही करू नकोस.

काढलेल्या बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर टेप लाव, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेव आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे. घंटागाडीत टाकू नकोस, तिथे ती ओल्या कचऱ्याखाली दाबली जाते.

का फुगली असेल? पत्रात तू लिहिलंस की कॅमेरा सहा महिने कपाटात होता. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी बॅटरी उन्हाळाभर गरम कपाटात ठेवली की असं होतं. बाहेरचीच होते असंही नाही, माझी कंपनीचीही एक फुगली आहे. अर्धी चार्ज करून, कॅमेऱ्याबाहेर काढून, थंड जागी ठेवायची. माझ्या जास्तीच्या बॅटऱ्या माठाशेजारच्या फडताळात असतात. सासूबाईंना तो अजूनही माझा वेडेपणा वाटतो.

प्रश्न : डिसेंबरात लेहला चाललोय. माझ्या सोनीच्या चार एनपी-एफझेड१०० बॅटऱ्या विमानात नेता येतील का, आणि तिथल्या थंडीत बाहेरच्या बॅटऱ्या टिकतील का? — डोंबिवली

उत्तर : नेता येतील, पण हातातल्या बॅगेत. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-अवरची, तुमची एनपी-एफझेड१०० आहे १६.४ ची, तेव्हा परवानगीची भानगड नाही. प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत किंवा निदान पट्ट्यांवर टेप लावून. लेबल खरवडलेली, आकडा न वाचता येणारी बॅटरी घरीच ठेवा. तपासणीवाल्याला वॉट-अवर वाचता आला नाही तर तो तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवेल?

थंडीत सगळ्याच बॅटऱ्या दमतात, कंपनीचीही. ज्या घरी काठावर पास झाल्या त्या तिथे आधी मान टाकतील. एक कॅमेऱ्यात, बाकीच्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. संपली असं दाखवलेली बॅटरी फेकल्यासारखी बॅगेत टाकू नका, अर्धा तास खिशात ठेवून परत घाला, आणखी बरेच फोटो निघतात. हॉटेलवर आल्यावर मात्र खोलीच्या उबेला आल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. गोठणबिंदूखाली चार्ज केली की ती कायमची बिघडते.

आणि त्या आतल्या खिशात सुट्टी नाणी किंवा किल्ल्या नकोत.